काढता-घालता येणारी अर्धवट कवळी

सोलापूरच्या भवानी पेठेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे रोजचं जेवण. दोन-चार दाढा पडल्या की चावण्याचा सगळा भार एकाच बाजूवर येतो. शिवाय रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात आणि वरची दाढ खाली उतरते.

उरलेल्या दातांच्या आधाराने बसणारी कवळी हा त्यावरचा एक उपाय. तिचं यश आराखड्यावर ठरतं. रिकामी जागा कुठे आहे, त्यावरून अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी १९२५ साली चार वर्ग पाडले. ते आजही वापरतात. मागे दाढच नसेल तर भार हिरडीवर येतो, म्हणून तिथे कवळीचा तळ रुंद ठेवतात.

तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा नमुना बनतो. सर्व्हेअर नावाच्या उपकरणाने त्यावर दातांच्या फुगवट्याची रेघ आखतात. कवळीच्या हुकाचं लवचीक टोक त्या रेघेखाली अडकतं, म्हणून कवळी सुटत नाही. दाढेच्या माथ्यावर उथळ खाच करून टेकू बसवतात, त्यामुळे कवळी हिरडीत रुतत नाही. मेणात दात लावून तोंडात बसवून पाहतात, मगच पक्की करतात.

अ‍ॅक्रिलिकची कवळी स्वस्त, पण जाड. कोबाल्ट-क्रोमियमची पातळ आणि मजबूत, पण महाग. खर्चाची चिंता असेल तर सोलापुरातल्या केगावच्या दंत महाविद्यालयात जरूर चौकशी करा.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. हूक अडकणारे दात रोज नीट घासा, कारण ते किडले तर कवळीचा आधारच जातो.