विश्लेषण : जुना खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणून परतला, तर टाळ्या की हुर्यो? फुटबॉल चाहत्यांचा राग नेमका कशावर?

लिव्हरपूलचा घरचा खेळाडू म्हणून वाढलेला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड ४ नोव्हेंबर २०२५ रोजी रेआल माद्रिदच्या जर्सीत ॲनफिल्डवर परतला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. ज्या खेळाडूच्या नावाने वर्षानुवर्षे गाणी गायली, त्यालाच शिट्ट्या का? आणि अशा वेळी चाहत्यांनी वागावे तरी कसे? फुटबॉलमधील या जुन्या प्रश्नाचा आढावा...

ॲनफिल्डवर काय घडले?

चॅम्पियन्स लीगमधील या सामन्यात अलेक्झांडर-अर्नोल्डला सुरुवातीच्या संघात स्थान नव्हते. ८१व्या मिनिटाला तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. त्याचे पाऊल मैदानात पडताच शिट्ट्या आणि हुर्योचा आवाज घुमला. त्यानंतर प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याकडे गेला की तोच प्रकार. ॲलेक्सिस मॅकॲलिस्टरच्या गोलमुळे लिव्हरपूलने हा सामना १-० असा जिंकला.

मात्र, प्रकरण केवळ आवाजापुरते मर्यादित राहिले नाही. स्टेडियमजवळच्या एका भिंतीवर अलेक्झांडर-अर्नोल्डचे भव्य चित्र आहे. सामन्याच्या तोंडावर ते विद्रूप करण्यात आले. दुसरीकडे, त्याच सुमारास हा खेळाडू ॲनफिल्डबाहेर आपला दिवंगत सहकारी दियोगो जोटा याला श्रद्धांजली वाहण्यासाठी गेला होता. जोटाचा ३ जुलै २०२५ रोजी स्पेनमध्ये मोटार अपघातात मृत्यू झाला. एकाच खेळाडूभोवतीची ही दोन दृश्ये पाहिली, की प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे कळते.

चाहत्यांचा राग कशासाठी?

अलेक्झांडर-अर्नोल्ड वयाच्या सहाव्या वर्षी लिव्हरपूलच्या अकादमीत दाखल झाला. मुख्य संघाकडून तो ३५४ सामने खेळला. दोन प्रीमियर लीग आणि एक चॅम्पियन्स लीग विजेतेपद त्याच्या नावावर आहे. शहरातलाच मुलगा, त्यामुळे तो इथेच निवृत्त होईल, असे अनेकांनी गृहीत धरले होते.

मे २०२५ मध्ये त्याने क्लब सोडत असल्याचे जाहीर केले. त्याचा करार ३० जूनला संपत होता. करार संपलेला खेळाडू नव्या क्लबकडे जाताना जुन्या क्लबला हस्तांतरण शुल्क मिळत नाही. युरोपियन न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या ‘बोसमन’ निकालाने खेळाडूंना हा हक्क मिळाला. पुढे क्लब विश्वचषकात त्याला खेळवता यावे म्हणून रेआलने करार महिनाभर आधी सोडवून घेतला आणि त्यासाठी सुमारे एक कोटी युरो मोजल्याचे वृत्त होते. खुल्या बाजारात त्याची किंमत याच्या कितीतरी पट झाली असती. ‘जायचेच होते, तर क्लबला पैसे मिळवून देऊन जायचे,’ हा चाहत्यांचा मुख्य आक्षेप.

घोषणेनंतर आठवड्याभरातच, ११ मे रोजी आर्सेनलविरुद्ध तो लिव्हरपूलच्याच जर्सीत मैदानात उतरला, तेव्हाही घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. माजी प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. २५ मे रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या निरोपाच्या सामन्यात मात्र त्याच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजेच चाहत्यांमध्येही एकमत नव्हते.

मग पैसे मिळाले, की राग येत नाही?

तसे नाही. फर्नांडो टोरेस जानेवारी २०११ मध्ये लिव्हरपूलमधून चेल्सीकडे गेला, तेव्हा लिव्हरपूलला पाच कोटी पौंड मिळाले. तरीही चाहते संतापले. कारण त्याने स्वतःहून हस्तांतरणाची मागणी केली होती आणि निवडलेला क्लब थेट प्रतिस्पर्धी होता.

लुईस फिगोचे उदाहरण तर याहून टोकाचे. जुलै २०००मध्ये बार्सिलोनाचा हा कर्णधारपदाच्या फळीतील खेळाडू रेआल माद्रिदकडे गेला. रेआलने त्याच्या करारातील मुक्ततेची संपूर्ण रक्कम, म्हणजे सुमारे सहा कोटी युरो भरले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. बार्सिलोनाची तिजोरी भरली, पण चाहत्यांच्या लेखी तो गद्दारच ठरला. २३ नोव्हेंबर २००२ रोजी कॅम्प नाऊवर तो कॉर्नर घ्यायला गेला, तेव्हा बाटल्या, लायटर यांच्यासह डुकराचे मुंडकेही मैदानात भिरकावण्यात आले. पंचांना सामना काही काळ थांबवावा लागला. अखेर तो ०-० असा बरोबरीत सुटला.

थोडक्यात, क्लबला पैसे किती मिळाले यापेक्षा खेळाडू कसा गेला आणि कुठे गेला, या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात.

टाळ्या कोणाच्या वाट्याला येतात?

क्रिस्तियानो रोनाल्डो २००९ मध्ये आठ कोटी पौंडांत मँचेस्टर युनायटेडमधून रेआलकडे गेला. ५ मार्च २०१३ रोजी तो ओल्ड ट्रॅफर्डवर परतला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. त्याच रात्री त्याने विजयी गोल करून युनायटेडला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढले. गोलनंतर त्याने जल्लोष केला नाही. रोनाल्डो दुसऱ्या देशातील लीगमध्ये गेला होता आणि जाण्याआधी युनायटेडला सलग तीन प्रीमियर लीग व २००८ची चॅम्पियन्स लीग जिंकून देण्यात त्याचा वाटा होता.

फ्रँक लॅम्पार्ड चेल्सीकडून सर्वाधिक २११ गोल करणारा खेळाडू. २०१४ मध्ये करार संपल्यावर त्याने क्लब सोडला. २१ सप्टेंबर २०१४ रोजी मँचेस्टर सिटीकडून बदली खेळाडू म्हणून येत त्याने चेल्सीविरुद्धच बरोबरीचा गोल केला. त्याचा चेहरा उतरला होता. सामना संपल्यावर चेल्सीच्या चाहत्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तो थेट प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता, तरीही! कारण चाहत्यांच्या दृष्टीने क्लबशी असलेले त्याचे देणेघेणे केव्हाच पूर्ण झाले होते.

जुन्या संघाविरुद्ध गोल केल्यावर जल्लोष करावा का?

याबाबत कोणताही नियम नाही, संकेत मात्र आहे. डेनिस लॉ यांनी २७ एप्रिल १९७४ रोजी मँचेस्टर सिटीकडून युनायटेडविरुद्ध टाचेने गोल केला आणि ते मान खाली घालून उभे राहिले. त्याच दिवशी युनायटेडची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. इतर निकाल पाहता लॉ यांच्या गोलविनाही ती होणारच होती. गॅब्रिएल बातिस्तुताने नोव्हेंबर २००० मध्ये रोमाकडून फिओरेंटिनाविरुद्ध गोल केला, तेव्हा त्याला अश्रू आवरले नाहीत.

हा संकेत मोडल्यास काय होते, हे इमॅन्युएल अदेबायोरने दाखवले. १२ सप्टेंबर २००९ रोजी सिटीकडून आर्सेनलविरुद्ध गोल केल्यावर तो संपूर्ण मैदान ओलांडून आर्सेनलच्या चाहत्यांसमोर गेला आणि गुडघ्यांवर घसरला. त्याआधी त्या चाहत्यांनी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या होत्या. त्यानंतर गॅलरीतून वस्तू फेकण्यात आल्या आणि एक सुरक्षारक्षक जखमी झाला. या जल्लोषासाठी अदेबायोरला दंड झाला.

लुईस सुआरेझला लिव्हरपूलने २०१४मध्ये मोठ्या रकमेला बार्सिलोनाला विकले, तेव्हा फारशी कटुता नव्हती. १ मे २०१९ रोजी कॅम्प नाऊवर त्याने लिव्हरपूलविरुद्धचा गोल मनसोक्त साजरा केला. सहा दिवसांनी ॲनफिल्डवर त्याचे स्वागत शिट्ट्यांनी झाले. लिव्हरपूलने तो सामना ४-० असा जिंकला. चौथा गोल ज्या चपळ कॉर्नरवर झाला, तो घेणारा खेळाडू होता ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड!

हुर्यो आणि छळ यांतील सीमारेषा कोणती?

सोल कॅम्पबेल २००१ मध्ये करार संपल्यावर टॉटनहॅममधून कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलकडे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो व्हाइट हार्ट लेनवर परतला, तेव्हा ‘जुडास’ लिहिलेले फुगे फडकले. हे बोचरे असले, तरी खेळाच्या चौकटीत बसते. पुढे २००८ मध्ये तो पोर्ट्समथकडून खेळत असताना टॉटनहॅमच्या काही चाहत्यांनी दिलेल्या घोषणा मात्र वर्ण आणि लैंगिकतेवरून होत्या. हस्तांतरणाला सात वर्षे उलटून गेली होती. पोलिसांनी तपास केला आणि काही जणांवर कारवाईही झाली.

इंग्लंडमध्ये १९९१च्या फुटबॉल गुन्हे कायद्यानुसार अश्लील वा वर्णद्वेषी घोषणा देणे, मैदानात वस्तू फेकणे आणि परवानगीविना मैदानात शिरणे हे गुन्हे आहेत. साध्या हुर्योला कायद्याची हरकत नाही. म्हणजेच चेंडू पायाशी असताना मारलेली शिट्टी हा खेळाचा भाग. खेळाडूचा रंग, धर्म, आई-वडील, मुले यांवर घसरणे, वस्तू फेकणे, त्याच्या घरापर्यंत किंवा इन्स्टाग्राम खात्यापर्यंत पाठलाग करणे हा छळ.

भारतात असे प्रसंग घडतात का?

कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यात खेळाडूंचे येणे-जाणे अनेक दशकांचे आहे. बायचुंग भुतिया दोन्ही क्लबकडून खेळला. इंडियन सुपर लीगमुळे (आयएसएल) हा अनुभव गोवा आणि मुंबईलाही आला. २०२० मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्यासह ह्युगो बुमू, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई असे एफसी गोवाचे मोहरे मुंबई सिटीत दाखल झाले. लोबेरा यांना गोवा क्लबने त्याआधी मोसम सुरू असतानाच, संघ चांगली कामगिरी करत असताना दूर केले होते.

योगायोग असा, की करोनामुळे २०२०-२१चा संपूर्ण मोसम गोव्यातच, पण रिकाम्या स्टेडियममध्ये खेळला गेला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवले आणि पुढे विजेतेपदही पटकावले. गोव्याच्या चाहत्यांना आपल्याच राज्यात ना टाळ्या वाजवता आल्या, ना हुर्यो उडवता आली. स्टेडियममधील व्यक्त होण्याची ती जागाच नव्हती, उरला फक्त मोबाइलचा पडदा.

मराठी प्रेक्षकांना अधिक जवळचे उदाहरण क्रिकेटमधले. गुजरात टायटन्सला २०२२ मध्ये आयपीएल जिंकून देणारा हार्दिक पंड्या २४ मार्च २०२४ रोजी मुंबईचा कर्णधार म्हणून अहमदाबादला परतला, तेव्हा त्याची हुर्यो उडवण्यात आली. आठवड्याभराने वानखेडेवर, घरच्या मैदानातही तेच घडले. तिथे राग होता रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केल्याचा. मात्र तो निर्णय संघ व्यवस्थापनाचा होता. तीन महिन्यांनी भारताने ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’चा गजर झाला.

राग क्लबवर का निघत नाही?

कारण खेळाडू समोर दिसतो, व्यवस्थापन दिसत नाही. करार वेळेत न वाढवणे, खेळाडू विकणे, प्रशिक्षकाला काढणे हे निर्णय बंद दाराआड होतात. क्लब स्वतः मात्र भावनेच्या आहारी जात नाहीत. ज्या लॅम्पार्डला चेल्सीने २०१९ मध्ये प्रशिक्षक म्हणून सन्मानाने परत बोलावले, त्यालाच जानेवारी २०२१ मध्ये पदावरून दूर केले. खेळाडूने आयुष्यभर निष्ठावान राहावे, ही अपेक्षा एकतर्फी ठरते ती इथे.

पण म्हणून चाहत्यांचा राग खोटा ठरत नाही. खेळाडूसाठी क्लब ही नोकरी असू शकते, चाहत्याला मात्र क्लब बदलता येत नाही. सोडून जाण्याचा पर्याय नसलेल्या माणसाला सोडून गेलेल्याचा राग येणारच.

मग चाहत्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे खेळाडू गेला कसा, हे पाहावे. क्लबनेच विकले असेल किंवा करार वाढवला नसेल, तर त्याची शिक्षा त्याला देण्यात अर्थ नाही. दुसरी, संघांची नावे पुकारली जातात तो क्षण आणि प्रत्यक्ष खेळ यांत फरक करावा. जुन्या योगदानाला सुरुवातीला टाळ्या आणि नंतर ९० मिनिटे शिट्ट्या, यात विसंगती काही नाही. चेंडू त्याच्याकडे असताना त्याच्यावर दडपण आणणे, हे घरच्या प्रेक्षकांचे कामच आहे. तिसरी, पंचांची शेवटची शिट्टी वाजली, की आपलीही थांबवावी. भिंतीवरचे चित्र, समाजमाध्यमावरचे खाते आणि कुटुंब हे त्या ९० मिनिटांच्या बाहेरचे विषय आहेत.

याच ॲनफिल्डवर राग निवळल्याचेही उदाहरण आहे. चेल्सीकडे गेला म्हणून ज्याच्यावर लिव्हरपूलचे चाहते भडकले होते, तो टोरेस मार्च २०१५ मध्ये एका धर्मादाय सामन्यासाठी तिथे परतला. तेव्हा प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. राग ओसरायला चार वर्षे लागली. अलेक्झांडर-अर्नोल्ड ॲनफिल्डवर परतला तेव्हा २७ वर्षांचा होता. त्याच्याबाबतीतही असा दिवस येऊ शकतो. तोवर शिट्ट्या विरून जातील, पण त्या भिंतीवरचा रंग कोणीतरी खरवडून काढावा लागेल.