प्राण वाचले, पुढे काय?

समाजसेवकाच्या निवृत्तीचा सोहळा आपल्याकडे ठरल्या रीतीने पार पडतो. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात छायाचित्र. अमेरिकेतील मॅरिलिन प्राइस स्पिव्हॅक या बाईंचा गौरव आम्हांला या रीतीने करवत नाही, कारण त्यांनी हाती घेतलेला प्रश्न आपल्याही दारात उभा आहे आणि आपण त्याच्याकडे पाहावयास तयार नाही.

1975 साली त्यांची पंधरा वर्षांची कन्या मोटार अपघातात सापडली व तिच्या मेंदूला जबर इजा झाली. तो काळ वैद्यकाच्या दृष्टीने मोठ्या स्थित्यंतराचा होता. हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने 1971 मध्ये प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे चित्र टिपले होते. कवटीत रक्त कोठे साचले आहे हे शस्त्रवैद्याला कवटी उघडण्याआधी दिसू लागले होते. पूर्वी जे हमखास दगावत ते आता वाचू लागले. परंतु वाचले म्हणजे बरे झाले असे नव्हे. स्मरणशक्ती गेलेली, शीघ्रकोपी झालेली, सकाळचे साधे काम उरकतानाच थकून जाणारी ही तरुण माणसे वरकरणी धडधाकट दिसत. हात मोडलेला लोकांना दिसतो, स्वभाव मोडलेला दिसत नाही. मग त्याला आळशी, हट्टी, क्वचित दारूडाही म्हटले जाते. अशांना ठेवावयाचे कोठे, याचे उत्तर त्या संपन्न देशापाशीही नव्हते. वृद्धांचे शुश्रूषागृह किंवा मनोरुग्णालय, एवढेच दोन दरवाजे बहुधा उघडे असत. आणि घरी नेले तर सारा भार आईवर.

1980 साली या बाईंनी पती डॉ. मार्टिन स्पिव्हॅक यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथे, आपल्या राहत्या घरी, राष्ट्रीय शिरोइजा प्रतिष्ठान स्थापन केले. कार्यालय नाही, देणगीदार नाहीत. होती ती आपल्यासारख्याच इतर कुटुंबांची गाठ. पण केवळ सांत्वनावर त्या थांबल्या नाहीत, आणि आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण येथे आहे. दयेपेक्षा कायदा अधिक टिकतो, हे या चळवळीने ओळखले. 1990 मध्ये अमेरिकेच्या विशेष शिक्षणविषयक कायद्यात मेंदूच्या आघाताला स्वतंत्र अपंगत्वाचे स्थान मिळाले. 29 जुलै 1996 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी केवळ याच विषयावरील कायद्यावर स्वाक्षरी केली; रुग्णांची मोजदाद, संशोधन आणि राज्यांना अनुदान अशी तरतूद त्यात झाली. मोजदाद हा शब्द रुक्ष खरा, पण ज्यांची गणतीच नाही त्यांच्यासाठी सरकारी तिजोरी उघडत नाही.

पुढे संस्थेची सूत्रे इतरांच्या हाती गेली. (आपल्याकडील किती संस्थापकांना हे जमते, ते वाचकांनीच मोजावे.) बाई मात्र स्वस्थ बसल्या नाहीत. बॉस्टनच्या स्पॉल्डिंग पुनर्वसन रुग्णालयात त्या अशाच रुग्णांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करीत राहिल्या.

आता आपले पाहू. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 50,029 जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार व त्यांच्या पाठीमागे बसलेले होते. मेलेल्यांचा हा हिशेब निदान मिळतो तरी. जे डोक्याला मार लागून वाचले, त्यांचे पुढे काय झाले याची नोंद कोणत्या वहीत आहे? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. तो कायदा स्वागतार्हच होता. मात्र त्या यादीत अपघाताने झालेल्या मेंदूच्या इजेचे नाव स्वतंत्रपणे नाही. परिणामी घरच्या मंडळींना दाखल्यासाठी या ना त्या अन्य रकान्यात आपला माणूस बसवावा लागतो.

गोव्यात हेल्मेट अजूनही दुचाकीच्या आरशाला लटकलेले दिसते आणि पोलिसाची टोपी दृष्टीस पडली की डोक्यावर चढते. त्याबद्दल दंड जरूर व्हावा. परंतु बांबोळीच्या रुग्णालयातून डोक्याची पट्टी सुटलेला मुलगा पेडण्याला किंवा काणकोणला घरी परततो, तेव्हा सहा महिन्यांनी त्याच्या दारात जाऊन विचारपूस करणारा एखादा सरकारी माणूस नेमण्यास किती खर्च येईल, याचा अंदाज आरोग्य खात्याने येत्या अर्थसंकल्पापूर्वी विधानसभेपुढे मांडावा.