पंखाच्या कातडीचे बळ

रेडिओवर चालणारे विमान बांधणाऱ्या नवशिक्याचा सांगाडा पुरा झाला की त्याचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. लाल घेऊ की निळा? खरे तर त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा पंख पिळला जाऊ नये, यासाठी आपण काय सोय केली आहे? बाल्साच्या हलक्या लाकडाच्या नुसत्या फासळ्या आणि एक-दोन स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या दांड्या) असतील, तर ती सोय बव्हंशी कव्हरिंगलाच, म्हणजे वरच्या आवरणालाच, करायची असते.

घरात अ‍ॅल्युमिनियम फॉइल संपली की आतली पुठ्ठ्याची नळी टाकून देऊ नका. ती दोन्ही हातांनी पिळून पाहा, दाद देणार नाही. मग कटरने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. आता ती सहज वळते. पुठ्ठा तेवढाच, वजनही तेवढेच. पण पिळाला विरोध करणारा ताण बंद नळीत गोल फिरू शकत होता, चीर पडल्यावर त्याची वाट तुटली. पंखाचेही तसेच आहे. वर आणि खाली दोन्हीकडे घट्ट आवरण बसले की पंख बंद नळी होतो. खालची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून ती उघडी ठेवणारा माणूस थोडे वजन वाचवतो आणि पंखाची चीर उघडी ठेवतो.

आवरण सांगाड्याला बळ देते, हे राइट बंधूंना चांगले ठाऊक होते. १९०३ च्या त्यांच्या विमानावर ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ नावाचे साधे, कोरे सुती मलमल होते. ते त्यांनी ताणे-बाणे पंखाच्या लांबीला ४५ अंशांत येतील असे तिरपे बसवले. सांगाडा वेडावाकडा होऊ लागला की तिरपा धागाच त्याला धरून ठेवी, आणि तेवढा वेगळा आधार वाचे.

मॉडेलच्या जगात दीर्घकाळ राज्य केले ते जपानी टिश्यू, रेशीम आणि डोप यांनी. टिश्यूचे वजन चौरस मीटरला जेमतेम १२ ग्रॅम. तो सांगाड्यावर चिकटवायचा, पाण्याचा फवारा मारायचा, वाळताना तो आक्रसतो. मग डोपचे पातळ हात द्यायचे. डोप म्हणजे सेल्युलोजचे संयुग द्रावकात विरघळवलेले. द्रावक उडतो, सेल्युलोज धाग्यांत रुतून बसते, आणि कागद कडक होतो. या द्रावकांपासून मात्र जपायला हवे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या कारखान्यांत टेट्राक्लोरोइथेन असलेल्या डोपमुळे कामगारांना विषारी कावीळ झाली आणि काही जण दगावले. आजच्या डोपमध्ये ते नसते, तरी खिडकी उघडी हवी आणि आसपास ज्योत नको, कारण नायट्रोसेल्युलोज भडकून पेटते. शिवाय आपल्याकडचा पावसाळा! जुलैत मुंबईत किंवा कोकणात डोप मारले की पृष्ठभागावर पांढुरकी छटा उमटते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर साकळते आणि ते पाणी सेल्युलोजला साक्यासारखे खाली बसवते. हे काम दिवाळीनंतर करावे, हे उत्तम.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या टॉप फ्लाइट कंपनीची मोनोकोट फिल्म आली आणि डोपचा वास बऱ्याच घरांतून गेला. आज आपल्याला मिळणारी जर्मन ओराकव्हर याच घराण्यातली. मूळ पदार्थ पॉलिस्टर, म्हणजे पाण्याच्या बाटलीचेच प्लॅस्टिक. कारखान्यात ही फिल्म गरम असताना उभी-आडवी ताणतात आणि ताणलेली असतानाच थंड करतात. रेणूंच्या लांब साखळ्या ओढलेल्या अवस्थेत अडकून पडतात. साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांना हालचालीची मोकळीक मिळते आणि त्या पुन्हा आक्रसू पाहतात. आपली इस्त्री फिल्मला ताण देत नाही. कारखान्यात साठवलेला ताण ती सोडवते.

म्हणून तापमान दोन टप्प्यांत हवे. मागच्या बाजूचा गोंद वितळून चिकटावा म्हणून बहुतेक फिल्मना १०० ते १२० अंश पुरतात. आक्रसण्यासाठी १५० च्या आसपास जावे लागते. आधी कडा चिकटवायच्या, ताण नंतर द्यायचा. घाईत सुरुवातीलाच जास्त उष्णता दिली तर फिल्म कडेचा गोंद ओढून सुटते. इस्त्रीच्या चकतीवरचे आकडे फारसे खरे नसतात, त्यामुळे उरलेल्या तुकड्यावर आधी पाहून घ्यावे. इस्त्रीवर सुती मोजा चढवला की ओरखडे पडत नाहीत.

खालची बाजू आधी, वरची नंतर. मग वरच्या फिल्मची कड पुढच्या धारेवरून खाली वळते आणि जोड नजरेआड जातो. पंखाचा तळ आत वळलेला असेल तर प्रत्येक फासळीवर फिल्म चिकटवावीच लागते, नाहीतर ताण बसताच ती फासळ्या सोडून सरळ होते आणि पंखाचा छेदच बदलतो.

आता माझी फिल्मबद्दलची तक्रार. ती चकचकीत आहे, झटपट आहे, पण डोप दिलेल्या रेशमाइतकी ताठ नाही. रेशमाच्या काळातल्या प्लॅनवरून पंख बांधून त्यावर नुसती फिल्म चढवली, तर तो हातात लवचीक लागतो. वेगात असा पंख पिळला जातो आणि थरथरू लागतो. फिल्मच वापरायची असेल तर पुढच्या धारेपासून स्पारपर्यंत वर-खाली पातळ बाल्साची पट्टी लावून घ्यावी, किंवा फासळ्यांमध्ये तिरपे आधार घालावेत. कव्हरिंगची निवड प्लॅनवरून लाकूड कापण्याआधी करायची ती यासाठी.

वजनाचा हिशेबही तेव्हाच मांडावा. दीड मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद पंखाचे दोन्ही पृष्ठभाग मिळून पाऊण चौरस मीटर भरतात. चौरस मीटरला ६० ग्रॅमची फिल्म असेल तर ४५ ग्रॅम, १०० ग्रॅमचे विणलेले कापड असेल तर ७५. दूरच्या शेपटीवर हाच फरक जास्त बोचतो, कारण तिथला एक ग्रॅम तोलायला नाकात दोन-तीन टाकावे लागतात.

चकाकीने वेग वाढतो, हाही अर्धाच खरा समज. २० सेंटिमीटर रुंदीचा पंख सेकंदाला १० मीटर वेगाने उडतो तेव्हा त्याचा रेनॉल्ड्स अंक (पंखाची रुंदी आणि वेग यांवरून हवेच्या प्रवाहाचे स्वरूप सांगणारा आकडा) सुमारे १,३०,००० येतो. इतक्या कमी अंकावर गुळगुळीत पृष्ठभागावरचा प्रवाह लवकर सुटू शकतो, हे जर्मनीतल्या एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी १९४२ मध्येच दाखवून दिले. टिश्यूचा किंचित खरखरीतपणा अशा वेळी प्रवाहात खळबळ माजवून त्याला पंखाला चिकटवून ठेवतो. संथ मॉडेलवर म्हणूनच टिश्यू अजून टिकून आहे.

फोमच्या पंखाचे गणित निराळे. थर्माकोल १०० अंशांच्या आतच मऊ होतो, तेव्हा कमी तापमानाला चिकटणारी फिल्म तरी हवी, नाहीतर पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला खाकी कागद. हा कागद वाळताना आक्रसतो आणि फोमला चांगला ताठपणा देतो. मात्र वर-खाली एकाच बैठकीत लावावा, म्हणजे पंख एका बाजूला वाकत नाही.

आणि रंग. वरून-खालून वेगळे, ठळक रंग घ्या, म्हणजे दूर गेलेले विमान कोणत्या बाजूला कलले आहे ते कळते. काळा, गडद निळा टाळा. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात बंद गाडीत ठेवलेल्या गडद पंखावर सुरकुत्या पडतात, कारण तिथली उष्णता इस्त्रीचेच काम करते, फक्त फिल्म नीट धरून ठेवायला तिथे कोणी नसते. सुरकुत्या परत इस्त्रीने निघतात. पण त्या काढताना पंख सपाट टेबलावर दाबून धरावा, आणि टोकाला दिलेला वॉशआउट (पंखाच्या टोकाचा कोन कमी करणारा मुद्दामचा पीळ) दोन्ही बाजूंना सारखा राहिला आहे ना, हे उडवण्याआधी मोजून घ्यावे.