डोक्यावरील आघात : जबाबदारी कोणाची?

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मैदान उभे राहते. कॅनडा व अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. तेथे प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे नियमात बसते. अशी धडक कधी डोक्यालाही बसते. शिरस्त्राणामुळे कवटी वाचते. परंतु कवटीतील द्रवात तरंगणारा मेंदू हिसक्याने हलतो. या इजेला ‘कन्कशन’ म्हणतात. रक्त येत नाही, हाड मोडत नाही. म्हणून ती सहज दुर्लक्षिली जाते.

पिट्सबर्ग पेंग्विन्स संघाचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी याला १ जानेवारी २०११ रोजी डोक्यावर धडक बसली. तरीही तो ५ जानेवारीला पुन्हा खेळला आणि त्याला दुसरा आघात सोसावा लागला. त्यानंतर तो थेट नोव्हेंबरमध्येच बर्फावर उतरू शकला. त्या चार दिवसांत त्याला थांबवायचे कोणी?

खेळाडूने स्वतः थांबावे, असे म्हणणे सोपे आहे. पण संघातील जागा जाईल ही भीती त्याला असते. शिवाय ज्या मेंदूला इजा झाली, त्याच मेंदूने स्वतःचा निवाडा करावा, ही अपेक्षाच विचित्र नव्हे काय? धडक देणाऱ्यालाही मोकळे सोडता येत नाही. नजरेआडून येऊन डोक्यालाच लक्ष्य करणाऱ्या धडकेवर ‘नॅशनल हॉकी लीग’ने २०१० साली बंदी घातली. शिरस्त्राणाची सक्ती त्याआधीची, १९७९ची. तीही केवळ नव्या खेळाडूंना. उघड्या डोक्याने खेळणारा शेवटचा खेळाडू १९९७ साली निवृत्त झाला!

लीगच्या जबाबदारीचा प्रश्न २०१३ साली न्यायालयात गेला. धोका ठाऊक असूनही आम्हाला सावध केले नाही, असा माजी खेळाडूंचा आरोप होता. लीगने तो नाकारला. २०१८ साली सुमारे १.९ कोटी डॉलरची तडजोड झाली. तीनशेहून अधिक खेळाडूंसाठी ती रक्कम फार नव्हती. लीगने दोषही मान्य केला नाही. त्यामुळे मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

दरम्यान २०१६ साली एक व्यवस्था आली. दूरचित्रवाणीवर सामने पाहणारे लीगचे निरीक्षक, लक्षणे दिसताच खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढू शकतात. ‘मी ठीक आहे’ हे त्याचे म्हणणे तेथे चालत नाही. मात्र तपासणीनंतर त्याला पुन्हा खेळू द्यायचे की नाही, हे त्याच्याच संघाचा डॉक्टर ठरवतो.