टी ट्री तेल

टी ट्री तेल हे मेलाल्यूका अल्टर्निफोलिया या झाडाच्या पानांपासून व कोवळ्या डहाळ्यांपासून मिळणारे बाष्पनशील तेल आहे. ते रंगहीन ते फिकट पिवळे असून त्याला कापराची आठवण करून देणारा उग्र वास असतो. हे झाड मिर्टेसी (जंबुल) कुलातील असून जांभूळ, लवंग, पेरू आणि निलगिरी ही त्याच कुलातील परिचित झाडे होत. पेय म्हणून वापरल्या जाणाऱ्या चहाशी त्याचा संबंध नाही. अठराव्या शतकात कॅप्टन जेम्स कुक यांच्या खलाशांनी या कुलातील काही झाडांची पाने चहाऐवजी उकळून पाहिली. त्यावरून अशा अनेक झाडांना ‘टी ट्री’ म्हटले जाऊ लागले. त्यामुळे केवळ या नावावरून तेल कोणत्या झाडाचे आहे हे निश्चित होत नाही. ते त्याच्या रासायनिक घटनेवरून ठरवावे लागते.

इतिहास

हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य भागातील व लगतच्या क्वीन्सलँडमधील आहे. तेथील ओढ्यांच्या काठी व दलदलीच्या सखल जमिनीत ते वाढते. त्या प्रदेशातील बंजालंग हे मूळचे रहिवासी जखमांवर व त्वचाविकारांवर त्याची पाने ठेचून लावीत. सिडनीतील रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० च्या दशकात या तेलाचा अभ्यास केला. त्याची जंतुनाशक शक्ती त्या काळी प्रचलित असलेल्या कार्बॉलिक अम्लापेक्षा अनेक पटींनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके सहज उपलब्ध झाली आणि या तेलाची मागणी घटली. नैसर्गिक औषधांविषयी पुन्हा आस्था निर्माण झाल्यावर, १९७० व १९८० च्या दशकांत, त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली.

उत्पादन

पूर्वी रानातील झाडांच्या फांद्या कोयत्याने तोडून पाने ओरबाडली जात व लाकडाच्या जाळावरील साध्या भट्टीत तेल काढले जाई. आता बहुतेक तेल लागवडीतून मिळते. रोपे दाटीने लावतात आणि सुमारे सव्वा ते दीड वर्षाने झाडे यंत्राने जमिनीलगत कापतात. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटत असल्याने एकाच लागवडीतून अनेक वर्षे कापणी घेता येते. ऑस्ट्रेलियाखेरीज चीन, दक्षिण आफ्रिका व केनिया या देशांतही उत्पादन होते.

कापलेला पाला बारीक करून बंद पात्रात भरतात व त्यातून पाण्याची वाफ सोडतात. उष्णतेने पानांतील तैलग्रंथींतून तेल बाहेर पडते व वाफेबरोबर वाहून जाते. ही मिश्र वाफ थंड केली की तेल व पाणी वेगळे होतात. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते आणि काढून घेता येते. ओल्या पाल्याच्या वजनाच्या साधारणपणे १ ते २ टक्के इतकेच तेल मिळते. म्हणजे १०० किलोग्रॅम पाल्यापासून एक ते दोन किलोग्रॅम.

गुणवत्ता

या तेलात सुमारे शंभर घटक असतात. त्यांपैकी टर्पिनेन-४-ऑल हा जंतुनाशक गुणासाठी सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. आयएसओ ४७३० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार त्याचे प्रमाण ३५ ते ४८ टक्के असावे लागते, तर १,८-सिनिओल १० टक्क्यांहून अधिक चालत नाही. सिनिओल हा निलगिरी तेलातील प्रमुख घटक आहे. तो वाढला की टर्पिनेन-४-ऑल सहसा कमी होते.

एकाच जातीच्या झाडांतही रासायनिक दृष्ट्या वेगवेगळे सहा प्रकार आढळतात. बाहेरून ती सारखीच दिसतात. परंतु त्यांपैकी एकाच प्रकारात टर्पिनेन-४-ऑल प्रमुख असते. चुकीचे बियाणे निवडल्यास पुढील प्रक्रिया कितीही काळजीपूर्वक केली तरी योग्य तेल मिळत नाही.

भेसळ

मागणी मोठी व उतारा कमी असल्याने भेसळीचा मोह होतो. इतर स्वस्त तेलांपासून वेगळे केलेले घटक मिसळून टक्केवारी मानकात बसविता येते; म्हणून केवळ टक्केवारी तपासणे पुरेसे नसते. टर्पिनेन-४-ऑलचे रेणू, उजव्या व डाव्या हातांप्रमाणे, परस्परांच्या आरशातील प्रतिमेसारख्या दोन रूपांत असतात. अस्सल तेलात एक रूप दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असते. हे गुणोत्तर बिघडलेले आढळल्यास बाहेरचा घटक मिसळल्याचा संशय येतो. अशी तपासणी प्रयोगशाळेतच शक्य असून वासावरून किंवा रंगावरून भेसळ ओळखता येत नाही.

साठवण व सुरक्षितता

शुद्ध तेलही कायम तसेच राहत नाही. हवा, प्रकाश व उष्णता यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते. त्यात टर्पिनिन घटक घटतात, पॅरा-सायमीन वाढते आणि पेरॉक्साइडे तयार होतात. असे जुने तेल त्वचेवर अधिहर्षता (ॲलर्जी) निर्माण करण्याची शक्यता ताज्या तेलापेक्षा अधिक असते. त्यामुळे ते गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, घट्ट बूच लावून, थंड जागी ठेवावे लागते.

हे तेल केवळ बाह्य उपयोगासाठी आहे. पोटात गेल्यास गुंगी, संभ्रम व तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे दिसतात. ते मुलांच्या हाती लागू न देणे आवश्यक असते. मांजर व कुत्रा यांनाही ते घातक ठरू शकते. ‘नैसर्गिक’ हा शब्द तेलाचा उगम सांगतो; त्याच्या शुद्धतेची वा निर्धोकपणाची हमी देत नाही.