यंत्राचे सुटे भाग आणि त्यांचे क्रमांक

शिप्रेच्या काठी सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली वेधशाळा आपल्या उज्जयिनीतील प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची आहे. सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र, दिगंश यंत्र ही नावेच तेथील यंत्रांची ओळख पटविण्यास पुरेशी आहेत. कारण प्रत्येक यंत्र एकच असून ते जागचे हलत नाही. आधुनिक यंत्राची गोष्ट निराळी. साध्या पाण्याच्या पंपातही अनेक सुटे भाग असतात, तेच भाग शेकडो पंपांत बसतात, आणि एखादा झिजला म्हणजे दहा वर्षांनंतरही त्याच मापाचा दुसरा मागवावा लागतो. अशा वेळी ‘पंपाचा दांडा’ एवढे नाव काय कामाचे? तेथे क्रमांकच हवा.

मोठ्या कारखान्यांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. परंतु देवास, इंदूर, पीथमपूर येथील लहानमोठ्या उद्योगांना घरी बसून आराखडे करून देणारा एकटा अभियंता स्वतःच रेखाकार, स्वतःच कारकून आणि स्वतःच दप्तरदार असतो. त्याच्या क्रमांकांत घोटाळा झाला तर चुकीचा भाग कातला जातो, धातू वाया जातो, आणि सर्वांत वाईट म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो.

क्रमांक दोन प्रकारचे असतात. एक बोलका, दुसरा मुका. बोलक्या क्रमांकाचे उत्तम उदाहरण म्हणजे बॉल बेअरिंग. ६२०४ या क्रमांकातील ६ हा बेअरिंगचा प्रकार सांगतो, २ ही आकारमालिका, आणि शेवटच्या ०४ ला पाचाने गुणले की आतील छिद्राचा व्यास मिळतो : २० मिलिमीटर. मात्र याच मालिकेतील ००, ०१, ०२ व ०३ हे अंक अनुक्रमे १०, १२, १५ व १७ मिलिमीटर व्यास दर्शवितात. तेथे गुणाकाराचा नियम लागू पडत नाही. क्रमांकाला जितके अधिक बोलके करावे, तितके अपवाद वाढतात, ते असे.

मग क्रमांकाने काहीच सांगू नये काय? याचे उत्तर आपल्या टपालाच्या पिनकोडात आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीने, टपाल खात्यातील अधिकारी या नात्याने, ही सहा अंकी योजना आखली व १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. उज्जैनच्या ४५६००१ मधील पहिला अंक विभाग, पहिले दोन मिळून उपविभाग, तिसरा टपाल वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन विशिष्ट टपालघर दाखवितात. सन २००० मध्ये मध्यप्रदेशातून छत्तीसगढ वेगळे झाले, तरी तेथील ४९ ने आरंभ होणारे क्रमांक तसेच राहिले. कारण ते राज्याच्या नावावर नव्हे, तर टपालाच्या विभागणीवर उभे होते. यातून बोध असा की, जे बदलणार नाही तेवढेच क्रमांकात गोवावे.

आराखड्यांच्या बाबतीत गिऱ्हाइकाचे नाव बदलते, पितळेऐवजी पोलाद येते. काम कोणत्या वर्षी कितव्या क्रमाने आले, हे मात्र कधीच बदलत नाही. म्हणून २०२४ सालच्या तिसऱ्या कामाला २४०३ म्हणावे. त्यातील मुख्य जुळणी २४०३–१००, तिचे भाग २४०३–१०१, २४०३–१०२ असे; दुसरी जुळणी २४०३–२००. बाजारातून घेतलेले बोल्ट व बेअरिंगे ९०० च्या पुढे ठेवावीत. प्रत्येक क्रमांक देण्यापूर्वी एकाच नोंदवहीत लिहावा आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये.

भागात फेरफार झाल्यास काय करावे? येथे एकच प्रश्न विचारावा : नवा भाग जुन्याच्या जागी, जुना नव्याच्या जागी, निर्धास्तपणे बसेल व तेच काम करील काय? बसत असेल तर क्रमांक तोच ठेवून पुढे अ, ब, क अशी सुधारणेची खूण वाढवावी. बसत नसेल तर नवा क्रमांक द्यावा. छिद्र ८ मिलिमीटरचे १० झाले आणि क्रमांक तोच राहिला, तर कारागिराच्या फळीवर दोन भिन्न वस्तू एकाच नावाने नांदू लागतील.

संगणकातील फाइलीचे नावही हाच क्रमांक असावे. जुळणीची फाइल आपल्या भागांना नावानेच शोधते; मध्येच नाव बदलले की दुवा तुटतो. प्रत्येक कामाच्या कप्प्यात चार उपकप्पे पुरेत : आलेले कागद, चालू आराखडे, खरेदी आणि पाठविलेले. शेवटच्या कप्प्यातील प्रतीला तारीख घालून पुन्हा हात लावू नये. वाद उपस्थित झाल्यास तीच साक्षीदार.

विद्यार्थिमित्रांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. विज्ञानप्रदर्शनासाठी सम्राट यंत्राची लाकडी प्रतिकृती करताना आपल्या नगरीच्या अक्षांशाएवढ्या, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कलांच्या, कोनाच्या मधल्या भिंतीला १०१, पूर्वेकडील वर्तुळपादाला १०२ व पश्चिमेकडील वर्तुळपादाला १०३ असे क्रमांक द्यावेत. दोन्ही वर्तुळपाद दिसण्यात सारखे, पण त्यांवरील तासांच्या खुणा भिन्न. म्हणून क्रमांकही भिन्न हवेत. मग आराखडा व यादी दुसऱ्या वर्गातील मित्राच्या हाती देऊन, तोंडाने एक शब्दही न सांगता, त्याच्याकडून प्रतिकृती जुळवून घ्यावी. ती बिनचूक जुळली तर आपली क्रमांकरचना उत्तीर्ण झाली असे समजावे.