शिवराईवरील खोटी अक्षरशुद्धि

पेण व रोहें येथील जुन्या देवघरांतून व तांबटांच्या मोडींतून ज्या शिवराया आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांपैकीं कांहींवरील अक्षरें मागाहून कोरून ‘सुधारलेलीं’ आढळलीं. पोथींतील पाठ कोणी हरताळ फांसून बदलला तर पिवळा डाग तरी मागें राहतो; तांब्यावरील खाडाखोड तितकी उघड नसते. ती कशी ओळखावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ व दुसरीस दोन ओळींत ‘छत्र पति’ अशीं अक्षरें असतात. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाशीं निगडित असलेलें हें नाणें पुढें पेशवाईंतही त्याच नांवानें पाडलें जात होतें, आणि बहुतेकांवर सन नाहीं. तेव्हां ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’, ‘पति’, ‘पती’ हे पाठभेद कालनिर्णयाचें मोठेंच साधन होत. संस्कृतज्ञास ‘सीव’ खटकेल; परंतु इतिहासाच्या दृष्टीनें त्या अशुद्ध अक्षराचें मोल शुद्धाहून तिळभर कमी नाहीं. शुद्ध ‘शिव’ असलेलें नाणें तें खुद्द महाराजांच्या हयातींतील, अशा सरसकट समजुतीमुळें त्यास किंमत अधिक येते, आणि तेथेंच छिन्नी चालूं लागते.

ठशावर अक्षर खोल असतें, म्हणून नाण्यावर तें उठावाचें उमटतें. मागाहून कोरणारास उठाव वाढविण्यास धातु कोठून मिळणार? तो अक्षराभोंवतालची जमीन खालीं नेतो. नाणें तिरप्या उजेडांत भिंगाखालीं धरावें. कोरीव अक्षराभोंवतीं उथळ खळगा व तळाशीं हत्याराच्या रेघा दिसतात. शिवाय झीज उंच भागास प्रथम लागते. शेजारचा ‘व’ व कडेचे बिंदु पुसट, आणि ‘शि’ तेवढा धारदार, असें असेल तर तो ‘शि’ संशयित समजावा. उघडें पडलेलें लाल तांबें लपविण्यास औषधानें काळें करितात. पण तो काळेपणा बहुधा खळग्यापुरताच असतो.

टांकसाळींतील दोष मात्र यांत गणूं नयेत. चकती ठशाहून लहान असल्यानें अक्षरें अर्धवट राहणें, घण दोनदां बसून तीं दुहेरी उमटणें, कांठ तडकणें, हें सर्व हातकामाचें स्वाभाविक फळ होय. उलट सर्व अक्षरें व बिंदूंचें अखंड वर्तुळ एकाच शिवराईवर दिसलें कीं आम्हांस ती अधिक बारकाईनें पाहावीशी वाटते.

ओतीव नकलांविषयीं पेणकरांस फारसें सांगणें नको. साच्यांतून नुकत्याच निघालेल्या शाडूच्या मूर्तीवर जोडाची रेघ असते. तीच ओतीव नाण्याच्या कांठावर, निदान ती घासल्याची खूण तरी, सांपडते. अक्षरांच्या कडा बोथट व पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांनीं भरलेला असतो.

देवघरांतील चिंचेनें घांसून गुळगुळीत झालेलें नाणें खोटें नव्हे, बिचारें भक्तीनें झिजलेलें. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर तसाच राहूं द्यावा. परंतु पुसल्यावरही पुनः फुटणारी फिकट हिरवी भुकटी हा क्षाराचा रोग होय. खाडीकांठच्या खाऱ्या, दमट हवेंत तो बळावतो. असें नाणें निराळें व कोरडें ठेवावें.

नाण्याचें वाचन छापतांना संशयित अक्षर चौकोनी कंसांत घालावें, वजन व व्यास द्यावा, आणि दोन्ही बाजूंचे ठसे सोबत जोडावे.